आजव्याचं पाणी, महाडचं तळं आणि जगाचा हिशेब

पावसाळा लागला की बडोद्यात आजव्याची पातळी किती फुटांवर गेली याची चौकशी घरोघर सुरू होते. तलाव भरला नाही तर प्यायच्या पाण्याची काळजी, फार भरला तर विश्वामित्रीच्या पुराची. ऑगस्ट २०२४ मध्ये ही दुसरी काळजी खरी ठरली. पण शहराची तहान या एका तलावाशी बांधली गेली, ती गोष्ट एकोणिसाव्या शतकातली आहे.

तिसऱ्या सयाजीरावांच्या हाती १८८१ मध्ये राज्याचा पूर्ण कारभार आला. तोवर लोक विहिरी, वाव (पायऱ्यांच्या विहिरी) आणि तळ्यांवर अवलंबून होते. त्याच दशकात शहराच्या पूर्वेला आजव्याचं काम निघालं आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला नळाला पाणी आलं. तलाव शहराहून उंचावर असल्यामुळे पाणी उतारानेच वाहत येई, पंप लागत नसे. आजच्या विजेच्या बिलांकडे पाहिलं की या साध्या हिशेबाचं फार कौतुक वाटतं.

हा काळ कॉलऱ्याच्या भीतीचा होता. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाशी जॉन स्नो यांनी साथीचा संबंध जोडून दाखवला, आणि पुढच्या काही दशकांत शहरासाठी दुरून स्वच्छ पाणी आणणं हे चांगल्या कारभाराचं लक्षण ठरलं. पाणी गावात आणलं की काम झालं, अशी समजूत होती. आलेलं पाणी नेमकं कुणाच्या ओठी लागतं, हे फारसं कुणी विचारत नसे.

तो प्रश्न विचारणारा माणूस बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर शिकला. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर सयाजीरावांच्या मदतीने कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले. जात लपवून ज्या पारशी विश्रामगृहात राहिले तिथून त्यांना हुसकावण्यात आलं. कचेरीत त्यांना प्यायला पाणीसुद्धा मिळत नसे, असं चरित्रकार नोंदवतात. ज्या राजाने अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या आणि शहराला नळाचं पाणी दिलं, त्याच्याच कचेरीतली ही गत. नळ टाकायला पैसा आणि इंजिनिअर पुरतात, त्यापुढच्या कामाला ते पुरत नाहीत.

मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर आलं. तरी २० मार्च १९२७ ला आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं, त्यावरून मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि कोर्टकज्जा मार्च १९३७ पर्यंत चालला. तळ्यात पाणी होतं, हक्कही होता, आड आली ती माणसं.

जागतिक संस्थांना हा फरक मोजायला त्यानंतर कित्येक दशकं लागली. १९७७ मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे संयुक्त राष्ट्रांची पहिली पाणी परिषद झाली. १९८१ ते १९९० हे दशक सर्वांना पाणी देण्यासाठी जाहीर झालं. दशक संपलं, काम राहिलं. २०१० च्या जुलैत आमसभेने पाणी हा मानवी हक्क मानला. १२२ देशांनी बाजूने मत दिलं, विरोधात एकही नाही, ४१ तटस्थ. २०१२ मध्ये तर जाहीर झालं की पाण्यापासून वंचित लोकांचं प्रमाण निम्मं करण्याचं उद्दिष्ट मुदतीआधीच गाठलं गेलं.

गंमत आहे ती मोजणीत. तेव्हा हातपंप किंवा झाकलेली विहीर असली की ‘सुधारित स्रोत’ म्हणून नोंद होई. ती घरापासून किती लांब, पाणी दूषित आहे का, याची विचारणा नव्हती. त्या मापाने २०१५ मध्ये वंचित होते सुमारे ६६ कोटी. मग माप बदललं: पाणी घरात हवं, लागेल तेव्हा हवं, निर्धोक हवं. या मापाने त्याच वर्षाचा आकडा निघाला सुमारे २१० कोटी. लोक तेच, वर्ष तेच. २०२४ सालचा आकडाही २१० कोटींच्याच घरात आहे.

आणि घरगुती वापर हा तर एकूण हिशेबाचा लहान भाग. जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला जातं. म्हणून मोठे वाद पिण्याच्या पाण्यापेक्षा धरणांवरून होतात. आज बडोद्याला आजव्याबरोबर महीकाठच्या विहिरी आणि नर्मदेचा कालवाही पाणी पुरवतो. १९७९ च्या लवादाने नर्मदेच्या पाण्यातले ९० लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील इतकं पाणी) गुजरातला दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला अडीच लाख एकर-फूट आलं, आणि सरदार सरोवरात नंदुरबार भागातली ३३ आदिवासी गावं बाधित झाली. त्यातल्या मणिबेलीत १९९३ मध्येच पाणी शिरलं होतं.