बंदी चाचणीवर होती, गर्भपातावर नव्हती

परवा भाचीने विचारलं, "मामा, आपल्याकडे अबॉर्शन बेकायदा आहे ना?" बीएस्सी झालेली मुलगी, पुण्यात नोकरी करते. मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणे शाळेत पोस्टर होतं की भ्रूणहत्या हे पाप आहे आणि गुन्हाही आहे. आता हसावं की रडावं कळेना, कारण चूक तिची नाही, कित्येक वर्षं या राज्याने गर्भपाताचा आणि लिंगनिदानाचा असे दोन वेगवेगळे कायदे एकाच पोस्टरवर चिकटवून ठेवलेत त्याचा हा परिणाम. म्हणून जरा मागचं लिहितो.

फार मागे जात नाही. फुल्यांनी विधवांसाठी काढलेलं पुण्यातलं १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. त्याच सुमाराला इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३१२ घातलं, बाईचा जीव वाचवायला सोडून गर्भपात म्हणजे गुन्हा, करणाऱ्याला शिक्षा आणि स्वतःहून करून घेणाऱ्या बाईलाही शिक्षा. हे शंभर वर्षं तसंच चाललं, म्हणजे कायदा कागदावर आणि सुईणी, काड्या, झाडपाला प्रत्यक्षात. १९६४ मध्ये केंद्राने समिती नेमली, अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री, १९६६ च्या शेवटी अहवाल आला, १९७१ ला एमटीपी कायदा, म्हणजे गर्भपाताला परवानगी देणारा कायदा, झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, त्यापुढे वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं, अशी अट. एवढंच लक्षात ठेवा की या कायद्याने कलम ३१२ काढलं नाही, अटी पाळणाऱ्या डॉक्टरला त्यातून सूट दिली. परवानगी डॉक्टरला मिळाली, हक्क बाईला मिळाला नाही. आणि गर्भनिरोधक फसलं म्हणून गर्भपात, हे कारण फक्त लग्न झालेल्या बाईलाच. लोकसंख्येची भीती त्या काळात हवेतच होती, त्यामुळे कायदा फारशी आरडाओरड न होता पास झाला, नाहीतर इतर देशांत यावरून किती रामायण झालं ते आपण बघतोच.

ती भीती आपल्या राज्यात कुठवर गेली होती हे आता फार कोणाला आठवत नाही. १९७६ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करायचं विधेयक चक्क मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो. म्हणजे बाईला (आणि बाप्याला) किती मुलं असावीत हे सरकारने ठरवावं हा विचार इथे नवा नव्हता, आणि पुढचं सगळं समजून घ्यायला हे डोक्यात असलेलं बरं.

आता मुख्य गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या मध्याला दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी संस्थेत गर्भजल परीक्षेचे प्रयोग सुरू झाले, हेतू होता बाळातले आनुवंशिक दोष शोधायचा. पण आलेल्या बायकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी दोषबिष राहू दे, मुलगा की मुलगी तेवढं सांगा असं सुरू केलं आणि मुलगी म्हटल्यावर गर्भपात. यावर बोंब झाली, सरकारी दवाखान्यांत बंदी आली. पण बंदी फक्त सरकारी दवाखान्यांत! खासगीवाल्यांना रान मोकळं. अमृतसरपासून मुंबईपर्यंत जाहिराती लागल्या, लोकल ट्रेनमध्येसुद्धा, सगळ्यांचा सूर एकच की आज काही शे रुपये खर्च करा आणि उद्याचा लाखाचा हुंडा वाचवा. तेव्हा सोनोग्राफी घरोघरी पोचली नव्हती, सुई घालून पोटातलं पाणी काढायचं, रिपोर्टला थांबायचं, म्हणजे गर्भपात होईपर्यंत चौथा पाचवा महिना. तरी रांगा.

१९८६ च्या आसपास मुंबईत बायकांच्या संघटना, काही डॉक्टर, काही वकील, विज्ञानवाले असे एकत्र आले आणि लिंगनिदानाविरुद्ध मंच काढला. राज्य सरकारच्या पैशातून एका डॉक्टरने मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून एक पाहणी केली, त्यातल्या ४२ जणांनी कबूल केलं की आम्ही लिंग कळावं म्हणून गर्भजल परीक्षा करतो. शंभरात चौऱ्याऐंशी! आणि बरेच जण त्यात काही वावगं मानत नव्हते, उलट आम्ही समाजसेवाच करतो असा आव होता, तीन मुलींच्या आईला चौथ्या बाळंतपणातून सोडवतो म्हणे. हा आकडा पेपरात आल्यावर सरकारला गप्प बसणं अवघड झालं.

इथे एक पेच होता आणि माझ्या मते सगळ्या इतिहासातला हाच खरा कळीचा मुद्दा. मंचातल्या बायका गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या. बाईला नको असेल तर तिने गर्भपात करून घ्यावा, कारण तिचं तिला माहीत, असं त्याच म्हणत होत्या. मग मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात चूक असं त्या कोणत्या तोंडाने म्हणणार? यावर त्यांच्यात बऱ्याच चर्चा झाल्या, वादही झाले. शेवटी जी वाट निघाली ती अशी, की आपण गर्भपाताला हात लावायचा नाही, आपला विरोध चाचणीला. बाई का गर्भपात करते हे विचारायचं नाही, पण लिंग सांगणारं तंत्र विकायला बंदी आणायची. मंचाच्या नावातसुद्धा लिंगनिदान होतं, गर्भपात हा शब्द नव्हता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका वाटेवर सापडतो तो मशीनवाला आणि दुसऱ्या वाटेवर सापडते ती बाई. एवढा फरक आहे.

मोर्चे निघाले, मुलींना घेऊन आईबाप रस्त्यावर आले, विधिमंडळात एका महिला आमदाराने अशासकीय विधेयक आणलं, आणि मग सरकारने स्वतःचं आणलं. १० मे १९८८ पासून महाराष्ट्राचा प्रसवपूर्व निदान तंत्र विनियमन कायदा लागू झाला. देशात असा पहिलाच. आपण त्याचं कौतुक करतो, करायलाच हवं, पण ज्यांनी तो मागितला होता त्याच बायका तो हातात आल्यावर नाराज होत्या हे कोणी सांगत नाही.

का नाराज? नावातच बघा, 'विनियमन', म्हणजे नियम घालणं, सरसकट बंदी नाही. त्यांना या चाचण्या फक्त सरकारी ठिकाणी हव्या होत्या, कायद्याने परवाना घेतलेल्या खासगी लॅबनाही दार उघडं ठेवलं. सामान्य माणसाला थेट कोर्टात जाता येत नव्हतं, आधी सरकारी यंत्रणेला ६० दिवसांची नोटीस द्यायची, म्हणजे दोन महिने समोरच्याला कागद आवरायला मोकळे. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे चाचणी करून घेणाऱ्या बाईलाही शिक्षेच्या कक्षेत घेतलं. सासू दवाखान्यात घेऊन येते, नवरा पैसे भरतो, आणि आरोपीत नाव हिचं पण. मंचाचा याला ठाम विरोध होता आणि तो विरोध सरकारने ऐकला नाही. शिवाय कायदा राज्याचा, त्यामुळे हद्द ओलांडली की गुजरात, कर्नाटक सगळं खुलं. कायदा बराचसा कागदावरच राहिला.

पण एक गोष्ट त्या कायद्याने बरोबर केली. गर्भपाताला हात लावला नाही. गुन्हा होता तो चाचणीचा.

केंद्राचा लिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ ला झाला, १ जानेवारी १९९६ पासून लागू, आणि आपला राज्याचा त्यात विरघळून गेला. यात बाईच्या बाबतीत थोडी अक्कल आली, तिला घरच्यांनी भाग पाडलं असंच कोर्टाने गृहीत धरायचं अशी तरतूद झाली. पुढे अंमलबजावणी होत नाही म्हणून २००० मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका गेली, याचिकावाल्यांत मुंबई आणि पुण्याच्या संस्था होत्या, कोर्टाने राज्यांना झापलं, २००३ पासून गर्भधारणेआधीची लिंगनिवडही कायद्यात आली आणि नाव लांबलं, पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भधारणापूर्व आणि प्रसवपूर्व निदान तंत्र कायदा. सोनोग्राफी सेंटरच्या बाहेर "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" हा बोर्ड दिसतो तो यातूनच. त्या बोर्डाच्या आत पेढे म्हणजे मुलगा आणि जिलबी म्हणजे मुलगी हे कोड कित्येक वर्षं चाललं ती वेगळी गोष्ट.

मात्र १९९४ च्या कायद्याच्या सुरुवातीलाच, उद्देश सांगताना, तो शब्द आला. स्त्रीभ्रूणहत्या. पुढच्या कलमांत गुन्हा चाचणीचा, लिंग सांगण्याचा, जाहिरातीचा, पण उद्देशात 'हत्या'. आणि लोक कलमं वाचत नाहीत, शब्द उचलतात.

मराठीत आधीच घोळ आहे. गर्भपात म्हणजे आपोआप झालेलाही आणि केलेलाही. डॉक्टर क्युरेटिंग म्हणतात, बायका पिशवी साफ केली म्हणतात, म्हाताऱ्या पाडलं म्हणतात, आणि यातला कुठला शब्द कायदेशीर प्रकाराचा हे कोणालाच माहीत नाही. त्यात भ्रूणहत्या हा शब्द आला तो पाप घेऊनच आला, कारण तो जुन्या धर्मग्रंथांतला, महापातकांच्या यादीतला. लेक वाचवाच्या मोहिमा गावोगाव गेल्या, कीर्तनात गेल्या, भिंतींवर सुरी आणि रक्त आणि "आई मला मारू नकोस". बोलणारा गर्भ आणि मारणारी आई. नवरा, सासू, डॉक्टर, मशीन, कोणीच चित्रात नाही! १९८८ च्या त्या बायकांनी जे मुद्दाम टाळलं होतं ते सगळं त्या भिंतीवर आलं.

तोवर आकडे वाईट झाले होते हेही खरं. राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. कोल्हापूर २००१ ला ८३९ वर होतं, साखर पट्ट्यातला श्रीमंत जिल्हा. २०११ ला बीड ८०७. त्यात राज्याने स्वतःच दोन मुलांची अट लावली होती, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, पुढे सरकारी नोकरीलाही तेच. आता घरात मुलगा तर हवाच आणि मुलं दोनच, मग दुसऱ्या खेपेला मशीनकडे धाव घेतली जाणार हे कळायला काय मोठी समिती लागते? पण पोस्टर आईचं.

२०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचं प्रकरण फुटलं, मुलगी नको म्हणून गर्भपात करताना एका दवाखान्यात एक बाई दगावली आणि मग जे बाहेर येत गेलं ते वाचून राज्य हादरलं. दबाव प्रचंड होता. त्या दबावात राज्य सरकारने विधिमंडळात बोलून दाखवलं की स्त्रीभ्रूणहत्येला कलम ३०२, म्हणजे सरळ खुनाचं कलम लावण्यासाठी केंद्राकडे जाऊ. टाळ्या पडल्या. आणि विरोध कोणी केला? पुन्हा ज्यांनी पंचवीस वर्षं लिंगनिदानाविरुद्ध लढा दिला त्याच बायकांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं, गर्भ म्हणजे व्यक्ती असं एकदा कायद्यात लिहिलं की मुलीचा गर्भ आणि मुलाचा गर्भ असा फरक राहत नाही, सगळेच गर्भपात खून ठरतात, एमटीपी कायदा संपला. आणि खुनात बाई पहिली आरोपी. त्यांना तेव्हा बरंच ऐकून घ्यावं लागलं, तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूने असंही. ३०२ काही कायद्यात आलं नाही. पण शब्दाने काम केलं होतं.

कारण त्यानंतर कारवाई घसरली ती गोळ्यांवर. गर्भपाताच्या गोळ्यांना आपल्याकडे २००२ मध्ये मान्यता मिळाली, त्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत घ्यायच्या असतात, तेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही. म्हणजे गोळ्यांचा आणि लिंगनिवडीचा संबंध जवळजवळ शून्य. पण मेडिकल दुकानांवर तपासण्या, चिठ्ठ्यांचे हिशेब, नोटिसा, आणि कटकट नको म्हणून दुकानदारांनी माल ठेवणंच बंद केलं. डॉक्टरही बिचकले, दुसऱ्या तिमाहीतली केस आली की पुढच्या गावाला पाठवायची, उगाच कोणी संशय घ्यायला नको. आमच्याच नात्यातल्या एका बाईचा गर्भ पोटातच गेला होता, पिशवी साफ करायला तालुक्याच्या एका दवाखान्यात गेली तर आधी पहिली मुलगी आहे का मुलगा हा प्रश्न, मग फॉर्म, मग नवऱ्याची सही पाहिजे. सज्ञान बाईला कायद्याने फक्त तिची स्वतःची संमती लागते, १९७१ पासून. तिथे हे कोणालाच ठाऊक नव्हतं किंवा असून सांगायचं नव्हतं.

आणि खरे धंदेवाले? २०१७ ला सांगलीजवळ म्हैसाळमध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले. तिथवर ना गोळ्यांच्या तपासण्या पोचल्या होत्या ना पोस्टरं.

नंतरचं ताजं आहे म्हणून पटकन. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने तुरुंगातल्या एका बाईच्या निमित्ताने म्हटलं की गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय तिचा. २०१९ ला सुप्रीम कोर्टाने गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या एफ फॉर्ममधल्या चुका नुसत्या कारकुनी चुका मानायला नकार दिला, डॉक्टर मंडळी त्यावर अजून चिडलेली आहेत. २४ सप्टेंबर २०२१ पासून एमटीपीची मुदत काही गटांसाठी २४ आठवड्यांवर गेली आणि "नवरा" जाऊन "जोडीदार" आला. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने लग्न न झालेल्या बाईलाही तीच मुदत दिली.

आणि १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन न्याय संहिता आली. जुनं ३१२ आता ८८ आहे. नंबर बदलला, मजकूर जवळपास तोच, स्वतःचा गर्भपात करून घेणारी बाई त्यात अजून आरोपी आहे, आणि पोटात बाळ हलायला लागल्यावर केला तर सात वर्षं, ही इंग्रजांच्या वेळची मोजणीसुद्धा तशीच. भाचीला मी हे सांगितलं तर म्हणाली, मग मी म्हटलं ते बरोबरच होतं ना? मी म्हटलं, निम्मं.