जुनी होडी घेताय? घरच्यांना बसवण्याआधी एवढं बघा

मासेमारी १ जूनला बंद होते. त्याआधी मे महिन्यात जुन्या फायबरच्या होड्या विकायला निघतात, आणि सुट्टीला गावी आलेली मंडळी आम्हा होडी दुरुस्त करणाऱ्यांना फोन करतात: "इंजिन एका झटक्यात चालू होतं, घेऊ का?" इंजिन नंतरही बदलता येतं. आधी बघायची ती होडी, आणि होडीत सगळ्यांत आधी मागची फळी.

आऊटबोर्ड इंजिन याच फळीवर लटकतं. वरून फायबर दिसलं तरी आत बहुतेकदा प्लायवूड असतं. बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपतं, प्लाय आतल्या आत कुजतो आणि बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो. गेल्या वर्षी दुरुस्तीला आलेली एक फळी आम्ही उघडली, तर आतला भुगा मुठीत आला. होडीला रंग देऊन दोन महिनेही झाले नव्हते. म्हणून नाण्याने किंवा लहान हातोडीने फळीभर ठकठक करत जा. टणक आवाज चांगला. भद्द आवाज आला तिथे ओल शिरली आहे असं समजा. मग इंजिन वर तिरकं करून त्याच्या खालच्या टोकावर हाताने हळू दाब द्या. फळी लवली किंवा कोपऱ्यातले बारीक तडे उघडले, तर नवी फळी घातल्याशिवाय त्या होडीत कुणाला बसवू नका.

नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उंच ठेवून, तळाचं बूच काढून होडी रात्रभर कोरड्यावर ठेवा. सकाळीही पाणी ठिपकत असेल तर पाटांखालचा फोम भिजलेला असू शकतो. होडीत पाणी भरलं तरी तिला तरंगत ठेवायचं काम या फोमचं. भिजला की तो नुसतं वजन होतो.

इंजिनाचं थोडक्यात: चालू केल्यावर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार जोरात बाहेर पडली पाहिजे. त्या पाण्याच्या पंपाचं आतलं रबर आणि पेट्रोलचा पाइप जुने असतील तर न विचारता बदला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते. टाकी किनाऱ्यावर उतरवूनच भरा. इंजिन बंद करणारी लाल दोरी खेचून बघा. ती चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली हवी, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन थांबतं.

आता माणसांचं. जाळी ओढणाऱ्याला कुठे बसायचं ते ठाऊक असतं. आपली मुलं डॉल्फिन दिसला की सगळी एका बाजूला धावतात. केरळात तानूर इथे ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. मासेमारीच्या बोटीची ती दुमजली पर्यटक बोट केली होती आणि तिच्यात माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती. आपल्या होडीवर जड छप्पर चढवतानाही हेच आठवा. वजन वर गेलं की होडी लवकर कलंडते.

लहान उघड्या होडीसाठी ढोबळ हिशेब असा: लांबी आणि रुंदी फुटांत गुणा, १५ ने भागा. १५ बाय ५ फुटी होडीला पाच माणसं, तीही शांत खाडीत. निमुळत्या होडीला आम्ही त्यातूनही एक कमी करायला सांगतो. पहिली चाचणी कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घातलेल्या मोठ्या माणसांना एका बाजूला बसवून घ्या. काठ पाण्यापासून वीतभर तरी वर राहायला हवा.

मोठ्यांचं जॅकेट मुलाला चालत नाही. मुलाला जॅकेटच्या खांद्यांना धरून उचला. ते हनुवटीवर सरकलं तर लहान माप घ्या, पायांमधून जाणारा पट्टा असलेलं.

होडी उत्तम असली तरी मालवणजवळच्या देवबागच्या संगमासारख्या, नदी समुद्राला मिळते अशा मुखावर दुपारच्या ओहोटीला कुटुंब घेऊन जाऊ नका. पाणी बाहेर धावतं, वारा समोरून येतो आणि लाटा उभ्या राहतात. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ मोबाइलमध्ये ठेवा.

पैसे देण्याआधी नोंदणीची कागदपत्रं महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात दाखवून घ्या, आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी स्वतः जुळवा.

फळी बघायला होडी पाण्याबाहेर लागते. आमच्याकडे आणणार असाल तर रंग देण्याआधी आणा, बूच काढून.