शेजारच्या रंगाची करामत

पॅरिसमधील गोबलँच्या सरकारी मागांवर भिंतीला टांगण्याची भलीमोठी चित्रे लोकरीत विणली जात. तेथील रंगाई विभागाची सूत्रे 1824 मध्ये मिशेल यूजीन शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञांकडे आली, तेव्हा कारागिरांच्या तक्रारी त्यांची वाटच पाहत होत्या. काही तक्रारी रास्त होत्या, कारण काही रंग खरोखरच विटत होते. एक तक्रार मात्र विचित्र होती. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांत सावली दाखवण्यासाठी विणलेला काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, असे विणकरांचे म्हणणे होते. शेव्हरल यांनी इतर नामांकित रंगाऱ्यांकडून काळी लोकर मागवली, आपल्या लोकरीशेजारी ठेवून ती तपासली आणि आपला काळा कोठेही उणा नाही, अशी खात्री करून घेतली. दोष रंगाच्या कढईत नव्हता. काळ्याशेजारी जो निळा होता, त्याचा तो परिणाम होता.

याच स्वरूपाचा दुसरा प्रसंग कापडावर छपाई करणाऱ्यांचा आहे. लाल, जांभळ्या आणि निळ्या कापडांवर काळी नक्षी छापून द्यायची होती. काम हाती आले तेव्हा लाल कापडावरील नक्षी हिरवट, जांभळ्यावरील हिरवट पिवळी, तर निळ्यावरील तांबूस दिसत होती, आणि छपाईवाल्याने भलतीच शाई वापरली असा संशय घेतला गेला. शेव्हरल यांनी नक्षीच्या आकाराची भोके पाडलेला कागद त्या कापडावर ठेवला. भोवतालचा रंग झाकला जाताच तिन्ही नक्ष्या काळ्याच निघाल्या. अशा निरीक्षणांवरून त्यांनी मांडलेला नियम 1839 मध्ये ग्रंथरूपाने आला: दोन रंग शेजारी असले, की डोळ्याला ते छटेत आणि उजळपणात एकमेकांपासून अधिक दूर गेलेले दिसतात. मोरपंखी ब्लाउजपीस निळ्या साडीवर ठेवला तर हिरवट आणि पोपटी साडीवर ठेवला तर निळसर भासतो, तो याच नियमाने.

असे का व्हावे, याचे उत्तर डोळ्याच्या बांधणीत आहे. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींहून अधिक असतात, पण मेंदूकडे जाणारे मज्जातंतू जेमतेम दहा-बारा लाख. प्रत्येक पेशीचा हिशेब मेंदूकडे पाठवणे अशक्यच असल्यामुळे दृष्टिपटल आधी शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधील फरक काढते आणि मुख्यतः तोच पुढे धाडते. उजेडाने उद्दीपित झालेला घटक आपल्या शेजाऱ्याचा संदेश दाबतो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ हार्टलाइन यांनी अश्वनाल खेकड्याच्या डोळ्यावर दाखवून दिले आणि 1967 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. (या प्राण्याला खेकडा म्हणायचे ते नावापुरते, त्याचे नाते कोळी-विंचवांशी अधिक जवळचे.) रंगांच्या बाबतीत मात्र एवढ्याने सारे उलगडत नाही, लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा अशी तुलना मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशीही करतात. या तुलनेचा लाभ मोठा आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात, भर दुपारी आणि विजेच्या दिव्याखाली एकाच टोमॅटोवरून डोळ्यात येणारा प्रकाश पुष्कळ बदलतो, तरीही तो आपल्याला लालच दिसतो, याचे एक मोठे कारण म्हणजे भोवतालच्या वस्तूंवरून येणारा प्रकाशही त्याच्याबरोबर बदलतो आणि आपण दोन्हींची तुलना करत असतो. शेव्हरल यांच्या विणकरांची फसगत ही याच सोयीची किंमत होती, असे मला वाटते.

पण रंगांचे पट्टे फार बारीक झाले की खेळ उलटतो. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन बेत्सोल्ड यांना गालिच्यांच्या नक्षीचा नाद होता. नक्षीत सर्वत्र फिरणारा एकच रंग बदलला, की संपूर्ण गालिचाच निराळा दिसतो, हे त्यांनी 1874 मध्ये नोंदवले. येथे शेजारी रंग एकमेकांना दूर ढकलत नाहीत, तर आपल्याकडे ओढतात. धागे त्याहूनही बारीक असले, की डोळा ते वेगळे करूच शकत नाही आणि दोन्हींचा प्रकाश एकत्रच टिपला जातो. पैठणीतील धूपछाव या मिश्रणाचाही आधार घेते. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असले, की पदर हलताच कधी एकांवरची, तर कधी दुसऱ्यांवरची चमक वरचढ होते. त्याच पैठणीच्या अंगाला लागून असलेला रुंद काठ मात्र शेव्हरल यांचा नियम पाळतो.

चित्रकारांनी शेव्हरल यांचा ग्रंथ मनावर घेतला. जॉर्ज सूरा यांनी ‘ग्रांद जात’ बेटावरील रविवारचे आपले विशाल चित्र 1884 ते 1886 या काळात रंगाच्या असंख्य ठिपक्यांनी आणि फटकाऱ्यांनी रंगवले. विरोधी रंग शेजारी ठेवल्याने ते झळाळतात खरे, पण ठिपके डोळ्यात मिसळून जातील इतक्या दूर उभे राहिले, तर तेच रंग करडेपणाकडे झुकतात. शिवाय सूरा यांनी वापरलेला एक पिवळा रंग रासायनिक बदलाने काही वर्षांतच तपकिरी पडू लागला. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांची पद्धत मात्र थेट विणकराचीच होती. त्यांच्याकडे लाखेच्या एका पेटीत रंगीत लोकरीचे गुंडे असत. कोणता रंग कोणाशेजारी कसा दिसेल, हे ते धागे एकत्र गुंडाळून आधी पाहून घेत. ती पेटी आज ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.