राग नेमका घरीच का निघतो?

इंदूरची हुकुमचंद मिल ही कापड गिरणी 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली. जवळपास 6 हजार कामगारांची देणी अडकली, ती हाती पडायला 2023 चा डिसेंबर उजाडला. तिथली नोकरी निदान एकदाच गेली. आज इंदूरच्याच परदेशीपुऱ्यातला आपला मराठी मुलगा ठेकेदाराकडे कामाला असतो किंवा बाइकवर डिलिव्हरी करतो, आणि त्याचं काम रोज थोडं थोडं जातं: आज ऑर्डरच नाहीत, उद्या ॲपवरचा आयडी ब्लॉक. त्यानं बायकोवर हात उगारला की शेजारपाजारचे म्हणतात, ‘टेन्शनमध्ये होता बिचारा.’

टेन्शन असतंच. बंगळुरूतल्या तरुण विवाहित स्त्रियांशी ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा बोलून केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. नवऱ्याचं स्थिर काम डळमळलं, तिथे हिंसेचे ‘ऑड्स’ (ती घडणं आणि न घडणं यांचं प्रमाण) काम टिकलेल्यांच्या 1.7 पट निघाले. पण बायको नव्यानं कामाला लागली, तिथेही ते काम न करणाऱ्या बायकांपेक्षा 80 टक्क्यांनी जास्त! घरात पैसा येऊनसुद्धा.

म्हणजे नुसती तंगी नव्हे. जोसेफ व्हँडेलो आणि जेनिफर बॉसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या मते मर्दपणा सतत सिद्ध करावा लागतो आणि तो चारचौघांत हिरावलाही जातो. त्यांच्या एका प्रयोगात काही पुरुषांना पुतळ्याच्या केसांची वेणी घालायला दिली, काहींना दोरखंड विणायला. नंतर वेणीवाल्यांनी पंचिंग बॅगवर जास्त जोरात ठोसे मारले. वेणीनं कुणाची रोजी बुडाली नव्हती; ‘बायकी काम’ तेवढं पुरलं.

तरी ठोसा कुणाला, हे माणूस निवडतो. ठेकेदारासमोर तोच राग गिळला जातो, म्हणून ‘भान सुटलं’ ही सबब मला पटत नाही. इंग्लंड-वेल्सच्या आकडेवारीत तर उलटच दिसलं: पुरुषांची बेकारी वाढली तिथे घरातली हिंसा घटली, स्त्रियांची वाढली तिथे हिंसा वाढली. अर्थतज्ज्ञांचा तर्क असा की बायको सोडून जाईल या धास्तीनं बेकार नवरा जपून वागतो.

आपल्याकडे ती धास्ती कुठून येणार? माहेरचे ‘सांभाळून घे’ म्हणतात, वेगळ्या खोलीचं भाडं परवडत नाही. मात्र 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बायकोला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी. आणि न्यायदंडाधिकारी त्यालाच घराबाहेर काढू शकतात.