कौटुंबिक न्यायालये: पार्श्वभूमी आणि चाळीस वर्षांची वाट

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की पूर्वी एकाच घरातले भांडण दोन-तीन न्यायालयांत वाटले जाई. घटस्फोटाचा दावा दिवाणी न्यायालयात, पोटगीचा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली दंडाधिकाऱ्यांपुढे, आणि मुलांच्या ताब्याचा अर्ज 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली आणखी वेगळा. पोटगी मागणारी बाई मांडीवर मूल घेऊन चोरी-मारामारीच्या आरोपींसोबत पुकाऱ्याची वाट पाहत बसे, आणि पुकारा झालाच तर बहुधा पुढची तारीख घेऊन घरी परते.

यासाठी स्वतंत्र न्यायालय असावे हा विचार समाजकार्यकर्त्या दुर्गाबाई देशमुख यांनी 1953 मध्ये चीनचा दौरा करून आल्यावर मांडला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती छगला, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि पंडित नेहरू यांच्याशी त्याबाबत चर्चा केली. पण विचार पटणे आणि कायदा होणे यांत तीन दशके गेली. कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने 1974 च्या एकोणसाठाव्या अहवालात कौटुंबिक तंट्यांसाठी वेगळी पद्धत हवी, असे सांगितले. त्यानुसार 1976 मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 32-अ आला, परंतु नेहमीच्याच न्यायालयांनी नेहमीच्याच सवयीने काम चालू ठेवल्यामुळे समेटाची ही तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली. त्याच वर्षी हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कलम 13-ब आले, आणि एकमेकांवर दोष न ठेवता वेगळे होण्याची वाट त्या कायद्याखाली प्रथमच मोकळी झाली.

स्त्री संघटनांच्या मागणीला अखेर 1984 च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने उत्तर दिले. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत अशी न्यायालये स्थापणे राज्यांवर बंधनकारक झाले. मुंबई आणि पुण्यात ती 1989 मध्ये सुरू झाली. घटस्फोट, पोटगी, ताबा आणि पती-पत्नींमधील मालमत्तेचे वाद एका छपराखाली आले. न्यायाधीश नेमताना स्त्रियांना प्राधान्य, पक्षकाराने मागितल्यास बंद दाराआड सुनावणी, पुराव्याच्या नियमांत सैलपणा आणि न्यायाधीशांच्या जोडीला समुपदेशक, ही त्याची वैशिष्ट्ये होत.

या अधिनियमाच्या कलम 13 नुसार वकील उभा करणे हा येथे पक्षकाराचा हक्क नाही. वकिलांच्या युक्तिवादाने भांडण चिघळू नये हा त्यामागचा हेतू चांगला होता, पण जिने आयुष्यात न्यायालयाची पायरी चढलेली नाही आणि जिच्या नवऱ्याला कचेऱ्यांचे कामकाज पाठ आहे, तिला एकटीने बोलायला लावणे म्हणजे समता नव्हे, असे मला ठामपणे वाटते. प्रत्यक्षात परवानगीने वकील येतात, आणि ते बरेच आहे.

समेटाच्या आग्रहाचेही तसेच. कलम 9 न्यायालयाला तडजोडीचा प्रयत्न करायला सांगते. मात्र मारहाण सोसलेल्या स्त्रीला ‘जुळवून घ्या’ म्हणणे आणि दोघांना मुलांच्या खर्चाचा हिशेब शांतपणे करायला बसवणे, यांतला फरक समुपदेशकाच्या अनुभवावरच अवलंबून राहतो. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा आल्यावर बरेच अर्ज पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ लागले आणि एक छप्पर जरा विस्कटले.

पुढच्या सुधारणा सर्वोच्च न्यायालयातून आल्या. परस्पर संमतीच्या घटस्फोटातला सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणांत माफ करता येईल, असे 2017 मध्ये ठरले. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. तोवर पगार लपवणे सोपे होते, आणि निकालाला जितका उशीर लागे तितका फायदा देणाऱ्याचा होई.

मुलांपुरते पाहायचे तर आदेशात भेटीचा वार, वेळ आणि जागा लिहिलेली असते. ठरलेल्या दिवशी न्यायालयाच्या आवारातल्या खोलीत खेळण्यांच्या टोपलीशेजारी बाप किंवा आई बसून असते, आणि मूल आत येताना आधी दाराकडे वळून पाहते, सोडायला आलेले माणूस अजून उभे आहे का, याची खात्री करून घेते.