माध्यमनिर्मितीची पदवी: कच्च्या फिल्मच्या टंचाईपासून क्रेडिटच्या हिशेबापर्यंत

सर्जनशील माध्यमनिर्मितीच्या पदवीचं पहिलं वर्ष बहुतेक विद्यापीठांत ओळखीच्या वाटेनं जातं. आधी संवाद नसलेली दोन-तीन मिनिटांची फिल्म, मग एखादी मुलाखत, मग चार-पाच जणांचा गट आणि प्रत्येकाला वाटून दिलेलं काम. कॅमेरा हवा असेल तर आधी नोंदणी, वेळेत परत केला नाही तर दंड. शेवटी फिल्मसोबत दोन-तीन हजार शब्दांचं लेखी आत्मपरीक्षण. हा क्रम कुणी शिक्षणशास्त्राच्या आधारे आखला असेल असं वाटतं, पण त्यातला मोठा भाग टंचाईतून आला आहे: कच्च्या, म्हणजे अजून चित्रण न झालेल्या, फिल्मची टंचाई, यंत्रांची टंचाई, स्टुडिओतल्या वेळेची टंचाई. उरलेला भाग विद्यापीठाच्या गुणपत्रिकेनं घडवला.

टंचाईचा सर्वांत टोकाचा नमुना पहिल्याच मोठ्या संस्थेत दिसतो. १९१९ मध्ये मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली तेव्हा यादवी युद्ध चालू होतं आणि कच्ची फिल्म मिळतच नव्हती. लेव्ह कुलेशोव्ह यांच्या कार्यशाळेत विद्यार्थी पटकथा लिहीत, तिचे शॉट पाडत आणि तो सगळा प्रसंग कॅमेऱ्याविना रंगमंचावर करून दाखवत. दुसरा उद्योग म्हणजे जुन्या फिल्मांचे तुकडे वेगळ्या क्रमानं जोडून पाहणं. एकाच नटाचा निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवला की प्रेक्षकाला त्यात वेगवेगळे भाव दिसतात, हा कुलेशोव्ह यांच्या नावानं ओळखला जाणारा प्रयोग याच वातावरणातला. संकलन हा चित्रपटशिक्षणाचा गाभा मानला गेला त्यामागे सिद्धांत होता हे खरं, पण हाताशी फक्त जुनी रिळं होती हेही तितकंच खरं. तयार तुकडे देऊन ‘याचे तीन वेगळे अर्थ काढा’ असं सांगणारा आजचा स्वाध्याय थेट तिथून आलेला आहे.

पुढे दोन वाटा झाल्या. एक सरकारी किंवा स्वतंत्र चित्रपटसंस्थांची: रोम १९३५, पॅरिस १९४३, प्राग १९४६, पोलंडमधलं वूच १९४८, पुणे १९६०. जागा मोजक्या, शिकवणारे धंद्यातले, आणि दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशा वेगळ्या शाखा. इथे विद्यार्थ्याची परीक्षा त्याच्या डिप्लोमा फिल्मवर होई. दुसरी वाट विद्यापीठांची. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठानं १९०८ मध्येच पत्रकारितेचं स्वतंत्र विद्यालय काढून व्यवसाय आणि पदवी एकत्र नांदू शकतात हे दाखवलं होतं. १९२९ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानं ‘अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस’च्या सहकार्यानं चित्रपटाचा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यापीठात आल्यावर मात्र फिल्मला विद्यापीठाचे नियम लागू झाले: व्याख्यानं, वाचन, सत्रं आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एक आकडा. पाच जणांनी मिळून केलेल्या कामातून पाच आकडे कसे काढायचे, हा प्रश्न तेव्हापासून या शिक्षणाच्या मागे लागला आहे.

अभ्यासक्रमाला खरी मापं दिली ती १६ मिलिमीटर फिल्मनं. कोडॅकनं ती १९२३ मध्ये हौशी लोकांसाठी आणली, पण ३५ मिलिमीटरपेक्षा स्वस्त आणि हलकी म्हणून शिक्षणसंस्थांनी ती उचलली. हिशेब साधा. एका फुटात ४० फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. शंभर फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं, चारशे फुटांचं अकरा मिनिटांत. पाच मिनिटांची फिल्म करायची आणि चारास एक या प्रमाणात, म्हणजे वापरायच्या एका मिनिटामागे चार मिनिटं, चित्रण करायचं, तर वीस मिनिटांचं चित्रण, म्हणजे ७२० फूट, म्हणजे चारशेची दोन रिळं. विद्यार्थ्याच्या हाती तेवढीच पडत. एक टेक, म्हणजे शॉट घेण्याचा एक प्रयत्न, वाया गेला की शेवटचा प्रसंग गाळायचा. ‘पाच मिनिटांपेक्षा मोठी नको’ हा आजही टिकून असलेला नियम मुळात रिळांच्या संख्येचा आहे.

पहिला स्वाध्याय मूक असण्याचं कारणही यंत्रात सापडतं. शिकाऊ मुलांच्या हाती दिला जाणारा बोलेक्स कॅमेरा चावीचा. पूर्ण चावी दिली तरी एक शॉट जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. यंत्राचा आवाज मोठा आणि वेग ध्वनीशी जुळण्याइतका स्थिर नाही, त्यामुळे त्यावर संवाद घेण्याचा प्रश्नच नव्हता. संवादासाठी विजेवर चालणारा, आवाज दाबलेला कॅमेरा आणि स्वतंत्र ध्वनिमुद्रक लागे. स्वित्झर्लंडमध्ये बनणारा नाग्रा हा त्यातला नावाजलेला. टेपवर आवाजासोबत कॅमेऱ्याच्या वेगाची खूण नोंदवली जाई, मग तो आवाज छिद्रं असलेल्या चुंबकीय फिल्मवर उतरवून स्टीनबेक नावाच्या संकलनाच्या टेबलावर चित्राशी जुळवायचा. जुळवण्याचा एकमेव खात्रीचा आधार म्हणजे क्लॅप, शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर आपटलेली पाटी. क्लॅप फ्रेमबाहेर राहिला किंवा पाटीवरचा टेक क्रमांक चुकला, तर संकलकाचा दिवस ओठ बघण्यात जाई. आणखी एक सापळा शेवटच्या प्रिंटमध्ये होता. १६ मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाजाची पट्टी तिच्या चित्राच्या २६ फ्रेम पुढे असते, कारण प्रोजेक्टरमध्ये ध्वनी वाचणारी जागा चित्र दाखवणाऱ्या खिडकीपासून तेवढी दूर असते. तयार प्रिंट शॉटच्या काठावर कापली की चित्र आणि आवाज वेगवेगळ्या ठिकाणी तुटतात. गटातल्या भूमिका काटेकोर ठेवण्याची सवय या सगळ्यातून लागली. ही कामं एकानं करणं अशक्यच होतं.

१९६७ मध्ये सोनीचा पोर्टापॅक, म्हणजे सोबत नेता येणारा व्हिडिओ कॅमेरा आणि टेपयंत्र, आला आणि १९७१ मध्ये पाऊण इंची यू-मॅटिक कॅसेट. टेप पुसून परत वापरता येते, धुलाईची वाट पाहावी लागत नाही, म्हणून ज्या महाविद्यालयांना फिल्म कधीच परवडली नसती त्यांनीही निर्मितीचे वर्ग काढले. टंचाई संपली नाही, तिनं जागा बदलली. आता कमी होती ती संकलनाची यंत्रं. टेपचं संकलन म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर क्रमानं नक्कल करणं. मधला एक शॉट दोन सेकंदांनी वाढवायचा तर तिथून पुढचं सगळं पुन्हा करायचं, किंवा झालेल्या नकलेची नक्कल घ्यायची. प्रत्येक पिढीला चित्राचे काठ मऊ होत आणि रंग पसरत. तिसऱ्या पिढीची टेप ओळखायला तज्ज्ञ लागत नसे. म्हणून संकलनाच्या खोलीत शिरण्याआधी कागदावर टाइमकोडसह, म्हणजे टेपवरच्या प्रत्येक फ्रेमच्या वेळेच्या आकड्यासह, कटांची यादी मागितली जाऊ लागली. ही सक्ती मला आजही योग्य वाटते, जरी तिचं मूळ कारण केव्हाच गेलं असलं.

याच काळात दुसऱ्या बाजूनं माध्यमांचा सिद्धांत विद्यापीठात शिरत होता. पॉलिटेक्निक ऑफ सेंट्रल लंडननं १९७५ मध्ये माध्यम-अभ्यासाची पदवी सुरू केली. एकाच विभागात चिन्हशास्त्र (चिन्हांतून अर्थ कसा घडतो याचा अभ्यास) शिकवणारे आणि दिवे लावायला शिकवणारे एकत्र आले आणि त्यांचं फारसं पटलं नाही. एका गटाला दुसरा पोकळ वाटे, दुसऱ्याला पहिला निव्वळ कारागीर. तडजोड म्हणून फिल्मला लेखी जोड आली, आणि ती अजून आहे. तिच्यात हमखास बिघडतं ते एकच: विद्यार्थी झालेल्या कामाची तारीखवार हकीकत लिहितो. परीक्षकाला हवा असतो निर्णय. ५० मिलिमीटरची लेन्स सोडून २४ का घेतली, त्यानं माणूस आणि खोली यांचं नातं कसं बदललं आणि ते कुठल्या पूर्वीच्या कामाशी ताडून पाहिलं, हे लिहिलं की गुण मिळतात.

१९८९ मध्ये ॲव्हिडची संगणकीय संकलन यंत्रणा बाजारात आली, पण वर्गखोलीपर्यंत बदल पोचवला तो १९९५ च्या डीव्ही या डिजिटल व्हिडिओ टेपनं आणि १९९९ च्या फायनल कट प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरनं. डीव्हीचं चित्रण म्हणजे सेकंदाला २५ मेगाबिट, तासाला सुमारे १३ गिगाबाइट माहिती. साध्या हार्ड डिस्कला हे झेपत होतं. खोड्या नव्या निघाल्या. चित्रीकरणात टेप मागे फिरवून पाहिली आणि पुढे थोडी रिकामी जागा सुटली, की टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू होई आणि संगणकावर घेताना एकाच टेपवर एकच वेळ दोनदा सापडे. यावर उपाय म्हणजे लेन्सला झाकण लावून अख्खी टेप आधी एकदा काळी भरून घेणं. डीव्हीत रंगाची माहिती प्रकाशमानाच्या एक चतुर्थांशच साठवली जाते, म्हणून हिरवा पडदा काढून त्याजागी दुसरं चित्र बसवताना समोरच्या माणसाच्या केसांना पायऱ्या दिसत. कितीतरी विद्यार्थी दिव्यांना दोष देत बसले, दोष टेपच्या रचनेत होता.

‘सर्जनशील’ हा शब्द पदवीच्या नावात येण्यामागे सरकारी धोरण आहे. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या पॉलिटेक्निकांना विद्यापीठाचा दर्जा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. १९९८ मध्ये तिथल्या सरकारनं सर्जनशील उद्योगांचा आढावा काढून जाहिरातीपासून सॉफ्टवेअरपर्यंत तेरा क्षेत्रं एका छत्राखाली मांडली. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रविज्ञान विद्यापीठानं सर्जनशील उद्योगांची स्वतंत्र विद्याशाखाच काढली. फिल्म, ध्वनी, वेब, ॲनिमेशन हे वेगळे अभ्यासक्रम एका पदवीत गोळा झाले. फायदा असा की ध्वनीचा विद्यार्थी व्हिडिओ गेमसाठीही काम करू शकतो. तोटा असा की तीन वर्षांत सगळ्याची तोंडओळख होते आणि हात कशातच बसत नाही. प्रवेश घेताना दुसऱ्या वर्षात किती तास एकाच शाखेला आहेत, हे विचारायलाच हवं.

क्रेडिटचा हिशेब याच सुमारास पक्का झाला. ब्रिटिश पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे कागदोपत्री दहा तासांचा अभ्यास, वर्षाला १२० क्रेडिट; युरोपीय पद्धतीत वर्षाला ६०, प्रत्येकी २५ ते ३० तास. वीस ब्रिटिश क्रेडिटच्या विषयाला २०० तास, पाच जणांच्या गटाचे हजार. पण हे तास सारखे पडत नाहीत. निर्मात्याचं काम सुरुवातीला, छायाचित्रकाराचं चार-पाच दिवसांत आणि संकलकाचं शेवटच्या तीन आठवड्यांत, तेही चित्रीकरण वेळेवर संपलं तर. ते लांबलं की संकलक आणि ध्वनीवाला भरडले जातात आणि गुण सगळ्यांचे उतरतात. त्यावर तोडगा म्हणून गटाला एक गुण, व्यक्तीला दुसरा आणि सोबत प्रत्येकाच्या कामाची फाइल, अशी विभागणी रूढ झाली. तंटा झाल्यावर उपयोगी पडतात ती त्या त्या दिवशी लिहिलेली कागदपत्रं: कॉल शीट (कुणी कधी कुठे यायचं याचा कागद), कॅमेरा रिपोर्ट (घेतलेल्या शॉटची नोंद), सही केलेली परवानगीपत्रं.

२००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क २ हा व्हिडिओही घेणारा फोटो-कॅमेरा आला आणि मोठ्या सेन्सरचं चित्र विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आलं. त्याचा आवाज मात्र बेभरवशाचा, कारण शांतता झाली की कॅमेरा आपोआप पातळी वाढवून खोलीची घरघर टिपत असे, आणि हेडफोन लावायला जागाच नव्हती. वेगळा ध्वनिमुद्रक आणि क्लॅप, दोन्ही वर्गात परत आले. सुरुवातीला हा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेमच घेई. २४ आणि २५ ची सोय २०१० मध्ये मिळाली. तोवर सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रकल्पात त्याचं चित्रण झटके देत होतं. फोननं याच्या पुढचा घोळ घातला: प्रकाश कमी झाला की काही फोन फ्रेमचा वेग स्वतःच बदलतात आणि दहा मिनिटांच्या मुलाखतीत ओठ हळूहळू आवाजामागे पडतात. संकलनाआधी फाइल स्थिर वेगात बदलून घेतली की हे टळतं.

कच्चा माल जवळजवळ फुकट झाल्यावर अनेक विभागांनी टंचाई मुद्दाम परत आणली: मेमरी कार्डवर फक्त वीस मिनिटं, एकच लेन्स, कॅमेऱ्यातच संकलन. २०२२ पासून मजकुरातून चित्र बनवणारी साधनं सर्वांच्या हाती आली, तेव्हा तपासणीचा रोखही बदलला. तयार फिल्मसोबत संकलनाची प्रकल्प-फाइल, मूळ रशेस (न कापलेलं चित्रण), आवाजाचे वेगळे ट्रॅक आणि आधीचे कट मागवले जातात. हे सगळं अखेरच्या रात्री गोळा होत नाही. पहिल्या दिवसापासून फोल्डरांची नावं ठरवावी लागतात, प्रत्येक कटाला तारीख द्यावी लागते आणि मूळ फाइलींच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या जागी, ठेवावी लागते.