गोल्फचं मैदान की पर्यावरण उद्यान? छावणीतल्या माळाची पार्श्वभूमी

नागपूरहून तासाभराच्या आत, लष्करी छावणीच्या फाटकातून आत गेलं की एक हिरवी पाटी लागते. तिच्यावर ‘गोल्फ’ हा शब्द नाही. ‘पर्यावरण उद्यान व प्रशिक्षण क्षेत्र’ असं लिहिलंय. पाटीमागे शंभरेक पावलांवर झेंडा रोवलेला दिसतो आणि सकाळी सहाला तिथं चार जण पिशव्या घेऊन उभे असतात. नव्यानं खेळायला आलेला माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, मग हे आहे तरी काय?

सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांची फौज नागपुरात ठाण मांडून बसली आणि १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसली. कलकत्त्यात गोल्फचा क्लब १८२९ मध्ये निघाला, मुंबईत १८४२ मध्ये. पुढे देशभर शिरस्ताच पडला: छावणी आली की कवायतीचं मैदान आलं, आणि सकाळी कवायत झालेल्या माळावर संध्याकाळी साहेबलोक पोलो नाहीतर गोल्फ खेळू लागले. जागेला भाडं नाही, गवत कापायला हाताखाली माणसं. होल म्हणजे चेंडू घालायचा झेंड्याचा खळगा आणि तिथवरची वाट; पूर्ण फेरीला असे अठरा लागतात. अठरा बसत नसतील तर नऊ आखायचे आणि तेच दोनदा खेळायचे. अठरा हा आकडा तरी कुठं आभाळातून पडला? स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथं आधी फेरी बावीस होलची होती; १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार होलचे दोन केले. तेच होल परतीच्या वाटेवरही खेळत, म्हणून जाता-येता मिळून चार कमी झाले आणि अठरा उरले. त्यामुळे नऊ होलच्या मैदानाला कुणी कमी लेखलं की मला वाईट वाटतं.

विदर्भातल्या मैदानाला स्वतःचा चेहरा दिला तो मातीनं. काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर फाटते. भेगा अशा पडतात की अख्खा चेंडू आत जातो. म्हणून अशा मैदानांवर भेगेतला चेंडू दंडाशिवाय बाहेर घेण्याचा स्थानिक नियम करतात. होलभोवती लुसलुशीत हिरवळ ठेवायची तर रोज पाणी हवं, आणि ते नव्हतं. त्यावर जुन्या लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘ब्राउन’. बारीक वाळूत गाडीचं जळकं ऑइल मिसळायचं, गोल थर पसरायचा, रूळ फिरवून दाबायचा. ऑइलमुळे वाळू उडत नाही आणि पावसात सहजी वाहूनही जात नाही. चेंडू मारायच्या आधी कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस, लांब दांड्याची लोखंडी पट्टी ओढत चेंडूपासून होलापर्यंत वाट सपाट करून देतो. त्या तांबूस-काळ्या वाळूवर पट्टीची एक चकाकती रेघ उमटते. मला पहिल्यांदा ज्यानं ती ओढून दिली तो म्हणाला, “उलीसक डावीकडे ठेवा जी, पाणी तिकडूनच वाहते.” चेंडू खरंच उजवीकडे वळला.

बाकीच्या माळावर हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरून जिची काशी, म्हणजे जमिनीतल्या मुळ्या, वेचून बांधावर जाळतो ती हरळीही हीच. जगभरच्या उष्ण भागातल्या गोल्फच्या मैदानांवर ‘बर्म्युडा’ या नावानं मिरवणारं गवत तेच. गेल्या शतकात अमेरिकेत त्याचे आफ्रिकी जातीशी संकर झाले आणि आज महागड्या मैदानांवर तेच संकर लावतात. त्यांना बी धरत नाही, कांड्या लावूनच वाढवावं लागतं.

आता त्या पाटीकडे वळतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

छावणीतल्या जमिनीची वर्गवारी १९३७ च्या नियमांनी ठरली. सैन्याच्या प्रत्यक्ष वापरातली जमीन ‘ए-१’ वर्गात येते: बराकी, कोठारं, कवायतीची मैदानं. गोल्फ ब्रिटिश काळापासून याच जमिनीवर चालला आणि स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू राहिला. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र वरून आदेश निघाले आणि गोल्फची मैदानं कागदावर ‘पर्यावरण उद्यान व प्रशिक्षण क्षेत्र’ झाली. झेंडे तेच, होल तेच, पाटी तेवढी बदलली.

२०११ मध्ये संसदेत मांडलेल्या लेखापरीक्षण अहवालानं यावर नेमकं बोट ठेवलं. देशभरात लष्कराची ९७ गोल्फ मैदानं ए-१ जमिनीवर चालतात आणि त्यांनी ८,००० एकरांहून जास्त जमीन व्यापली आहे, असं त्यात नोंदलं गेलं. या जमिनीच्या मंजूर वापरांत गोल्फ बसत नाही, तरी पैसे घेऊन नागरिकांना सभासदत्व दिलं जातं आणि ते उत्पन्न सरकारी तिजोरीत न जाता पलटणीच्या निधीत राहतं, हे आक्षेप. लष्कराच्या बाजूनं उत्तर असं की जमीन गरज पडेल तेव्हा प्रशिक्षणाला मोकळीच आहे, आणि झाडं लावून ती राखली नसती तर अतिक्रमणात गेली असती.

दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. मार्चमध्ये त्या माळाच्या कडेनं फिरून पाहावं. पळस पेटलेला असतो, मोहाखाली फुलांचा सडा, सहाव्या होलाजवळच्या नाल्यात मोर. कुंपणाबाहेर त्याच पट्ट्यात आता घरांच्या प्लॉटांचे लेआउट पडलेत आणि एक कडुनिंब शोधावा लागतो. ‘पर्यावरण’ हा शब्द सोयीसाठी चिकटवला असेल, पण झाडं खरी आहेत.

‘प्रशिक्षण’ या शब्दाचं मात्र मला पटत नाही. गोल्फला गोल्फ म्हटलं असतं, वापराची रीतसर मंजुरी घेतली असती, भाडं सरकारजमा केलं असतं, तर हिशेब उघडा राहिला असता. खेळाचं नाव लपवल्यानं सगळ्यात मोठं नुकसान गावाचं झालं. ज्याला नाव नाही त्यात आपल्या मुलाला घाला, असं शाळेच्या मास्तरांना सांगणार कसं? कॅडी म्हणून पट्टी ओढणारी पोरं सोमवारी, मैदान बंद असताना, मागून आणलेल्या एका मोडक्या दांड्यानं खेळतात. त्यांच्यातल्या दोघांचा फटका पाहून मी थांबलो आहे.

२०१६ मध्ये गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतला. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत भारताची एक मुलगी चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं. त्या शनिवारी सकाळी, ज्यांनी आयुष्यात दांडा हातात धरला नव्हता असे लोकही टीव्हीपुढे बसून होते. त्यानंतर काही दिवस फाटकावर चौकशीला माणसं आली.

त्याच सुमारास लहान मैदानांवर ‘ब्राउन’ काढून हिरवळ करण्याची चर्चा वाढली. दिसायला ते छान. पण जुलै २०१९ मध्ये नागपुरात एक दिवसाआड पाणी येत होतं, ते दिवस मी विसरलो नाही. सांडपाणी शुद्ध करून वापरणार असाल तर जरूर करा. शहराचं तसं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातंच. नळाचं पाणी वापरून मात्र नको. वाळूवर खेळता येतं, आमच्या दोन पिढ्या खेळल्या.

छावण्यांचं रूपही आता पालटतंय. २०२३ मध्ये हिमाचलातली योल ही छावणी बरखास्त झाली: नागरी वस्ती शेजारच्या ग्रामपंचायतींकडे गेली आणि उरलेला भाग लष्करी तळ झाला. हेच धोरण बाकी छावण्यांना लागू होईल तिथं वस्तीच्या मालकीचे, करांचे प्रश्न कदाचित सुटतील. गोल्फचा माळ मात्र तळाच्या कुंपणाआतच राहील, त्याच ए-१ वर्गात, त्याच पाटीसकट.